रविवारी थंड असणारी गाडी

दिनांक १२ मे २०२४, रविवार. काल्हेर येथील एका गोदामाच्या कामगार-वाहतूक गाडीविषयी चालक राघो याने तिसऱ्यांदा दिलेली लेखी तक्रार : ‘ब्रेकचे पेडल घट्ट होते. पूर्ण जोर लावूनही गाडी वेळेवर थांबत नाही.’ त्याखाली पर्यवेक्षक रामनाथ यांचा शेरा : ‘तपासणी केली. दोष आढळला नाही. चालकाच्या पायांची वैद्यकीय तपासणी करून घ्यावी.’

शेरा वाचून राघोने आधी स्वतःच्या पायांकडे पाहिले. अठ्ठावन्न वर्षांचे पाय. त्यांपैकी एकतीस वर्षे कुठल्या ना कुठल्या पेडलवर गेली होती. पेडलला काय झाले आहे, हे त्या पायांना कळत होते. पायांना काय झाले आहे, हे मात्र रामनाथच्या लेखणीला त्यांच्याआधी कळले.

गोदामामागच्या एका खोलीत राघो एकटा राहत असे. बायको रंगूबाई जाऊन तीन वर्षे झाली, आणि तेव्हापासून त्या खोलीत बोलण्यासारखे कोणी नव्हते. त्याच्या वाट्याचे बोलणे गाडीत होत असे. पहाटे रिकामी गाडी घेऊन तो अंबाडीला जाई आणि पॅकिंगच्या कामाला येणाऱ्या सात बायकांना घेऊन परते. पुढची जागा बायजाबाईची. तिच्या जिभेला हाड नव्हते, आणि राघोला तेच आवडत असे.

“राघो, ह्यो शर्ट तुझ्या लग्नातला हाय काय रं?”

“न्हाय. लग्नातला जपून ठेवलाय, तुझ्या नातवाच्या लग्नाला घालीन.”

मागच्या बाकांवर हशा पिके. साडेआठला गाडीचे दार धाडकन लागे, बायका आत जात, आणि संध्याकाळी सहापर्यंत राघोशी कोणी बोलत नसे. वॉचमनसुद्धा मानेनेच बोलायचा.

एप्रिलच्या अखेरीस पेडल बिघडले. बिघाड विचित्र होता. सकाळी निघताना ब्रेक लोण्यासारखा लागे. वाटेतल्या अंजूरफाट्याच्या वाहतूक कोंडीत अर्धा तास अडकले, की तोच दगड होई. राघोने घाईने ठपका ठेवला नाही. ब्रेक ऑइल पाहिले. पातळी बरोबर होती. पेडल भुसभुशीत होऊन खाली जात नव्हते, म्हणजे आत हवा शिरलेली नव्हती. गाडी एका बाजूला ओढत नव्हती, चाकातून घासल्याचा आवाज नव्हता, म्हणजे चाकाकडचा ब्रेक अडकलेला नव्हता आणि लायनरही संपलेले नव्हते. उरला बूस्टर, म्हणजे इंजिनाने ओढलेल्या निर्वात दाबावर पायाला मदत करणारा गोल डबा.

त्याची परीक्षा कोणताही जुना चालक जाणतो. इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा दाबायचे, ते घट्ट झाले की त्यावर पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करायचे. मदत येत असेल, तर पेडल पायाखाली बोटभर खचते. पहाटे, थंड गाडीत, ते खचले. संध्याकाळी, अंजूरफाट्यावर, जागचे हलले नाही.

त्याने बॉनेट उघडून बूस्टरकडे जाणारी रबरी नळी चिमटीत धरली. बोट भाजले. नळी बाहेरून अखंड दिसत होती, पण आतून मऊ पडून चेपत होती, म्हणजे इंजिनाची ओढ बूस्टरपर्यंत पोचत नव्हती. थंड असताना तीच नळी ताठ राही.

गोदामाची रीत अशी, की मेकॅनिक कुमार फक्त रविवारी सकाळी येई. शनिवारी रात्रीपासून उभी असलेली गाडी तो सुरू करी, पेडल एकदा दाबी आणि कागदावर बरोबरची खूण करी.

“साहेब, रविवारी ती थंड असते. एकदा संध्याकाळी बघा,” राघो रामनाथला म्हणाला.

“संध्याकाळी? काका, कुमार काय तुमच्यासाठी फाट्यावर येऊन बसणार?”

“मग नळी मीच बदलतो.”

“भिंतीवरचा बोर्ड वाचलात ना? चालकाने बॉनेटखाली हात घालायचा नाही.” रामनाथ हसला. “आणि आधी ते गुडघे दाखवा कुणाला तरी.”

मंगळवारी, चौदा तारखेला, संध्याकाळी जे व्हायचे ते झाले. कोंडीतून सुटलेली गाडी उतारावर होती आणि पुढचा ट्रक अचानक थांबला. राघोने पेडल दाबले. ते जागचे हलेना. मग सीटवरून अर्धवट उठून त्याने दोन्ही पायांनी त्यावर भार टाकला, हँडब्रेक ओढला. ट्रकच्या मागच्या फळीपासून वीतभर अंतरावर गाडी थांबली. बायजाबाईचे कपाळ समोर आदळून टेंगूळ आले. मागे सखी नावाची नवी मुलगी रडू लागली.

“अरं मारतोस काय आमाला?” बायजाबाई ओरडली. “व्हत न्हाय तर घरी बस की!”

“पाय न्हाय गं, गाडी हाय! एक जण या. पाय ठेवून बघा पेडलवर. आता गरम हाय तोवर बघा!”

इंजिन चालू ठेवून तो खाली उतरला आणि चालकाची जागा मोकळी करून दार धरून उभा राहिला. मागून हॉर्न वाजत होते. सात जणींपैकी एकही उठली नाही.

बुधवारी सकाळी बायकांनी चालक बदलण्याची मागणी केली. राघोच्या तीन तक्रारींना जे तीन आठवड्यांत मिळाले नाही, ते या एका तक्रारीला तासाभरात मिळाले : तात्काळ कार्यवाही. किल्ली कल्पेश नावाच्या सव्वीस वर्षांच्या चालकाकडे गेली. खोली महिनाअखेरपर्यंत राघोकडे राहिली. रोज साडेआठला तो गोदामाच्या दारात उभा राही. गाडी येई, बायका उतरत. बायजाबाई पदर सावरून दुसरीकडे पाहत आत जाई. शर्टाविषयी कोणी काही बोलत नसे.

दहाव्या दिवशी कल्पेशने त्याचे दार वाजवले. आत आला नाही. उंबऱ्यातच उभा राहिला.

“काका, फाट्यावर पेडल दगड होतं.”

आपल्यावर विश्वास ठेवणारा माणूस समोर आला, की काय म्हणायचे, ते राघो विसरला होता.

“लिहून दिलंस?”

“नाय. उद्या माझे पण गुडघे तपासायला पाठवतील.” कल्पेशने मान खाली घातली. “सांभाळून चालवतो ना. तुम्हाला फक्त सांगायला आलो.”

तो गेला. गाडी आजही धावते. नळी तीच आहे, बायका त्याच आहेत, आणि रविवारच्या कागदावर बरोबरची खूण आहे.

वाचकहो, हळहळ नको. तुमच्यापैकी जो कोणी अशा गाडीत बसतो, ती भाड्याने लावतो किंवा तिच्या कागदावर सही करतो, त्याने ती कोंडीतून आल्याबरोबर, गरम असताना, तक्रार करणाऱ्या चालकासमोर तपासून घ्यावी. आणि इंजिन सुरू करताना पेडल पायाखाली खचले नाही, तर त्याच्या पायाविषयी एक अक्षरही न लिहिता नळी बदलावी.