बारशातले कॅमेरावाले

डोंबिवलीत मित्राच्या नातीच्या बारशाला मी त्यांना पाहिलं. मित्राच्या लेकीच्या सासरकडचे कोणीतरी होते. पोटावर जुना डीएसएलआर, लेन्सचं झाकण शर्टाच्या खिशात. फोटोआधी ते लेन्सवर फुंकर मारत, पँट वर ओढत आणि गुडघ्यांत असे वाकत, जणू समोर वाघ बसलाय. पण फोटो कसा आला, हे एकदाही बघत नव्हते. माझं कुतूहल चाळवलं.

मित्र आणि त्याचा थोरला भाऊ एकाच इमारतीत खाली-वर राहतात. वरच्या बाथरूमचं पाणी खाली गळायला लागल्यापासून बोलणं बंद. लेक हळूच कॅमेरावाल्यांना म्हणाली, "काका, ऐका ना, बाबा आणि मोठे काका एका फोटोत हवेत हो."

लेकीच्या सासरच्या माणसाला नाही कोण म्हणणार? दोघं उभे राहिले, मध्ये हातभर अंतर ठेवून.

"सरका दादा! अजून! मावत नाही! खांद्यावर हात टाका!"

हात पडला. खटाक!

मी मागून डोकावलो. स्क्रीन काळी ठिक्कर. आवाज त्यांनी जिभेने काढला होता!

"बॅटरी केव्हाच फुगली," ते कुजबुजले आणि डोळ्यांनी लेकीच्या मोबाइलकडे खूण केली. "खरा फोटो तिकडे. पण मोबाइलसमोर माणसं स्वतःलाच बघतात. हा धरला की एकमेकांजवळ सरकतात."

इतक्यात थोरला म्हणाला, "अजून एक घ्या. याने डोळे मिटलेले."

"मी?" माझा मित्र उसळला. "तूच मिटलेलेस!"

कॅमेरावाले पुन्हा गुडघ्यांत वाकले.