लोहाऱ्याच्या भिंतीवरची बैलजोडी

भिंती बघायला यवतमाळला निघाले आहे, असं मी जाहीर केलं तेव्हा आमच्या साताऱ्याच्या घरात हशा पिकला. "आपल्या भिंतींना काय झालंय?" यजमानांनी विचारलं. आपल्या भिंतींना ओल आली आहे, एवढं सांगून मी बॅग भरली. यवतमाळात मोहल्ल्यामोहल्ल्यांनी आपापल्या भिंती रंगवून घेतल्या आहेत आणि काय काढायचं ते गल्ली ठरवते, चित्रकार नाही, असं भाचीकडून ऐकलं होतं. गल्लीची मतं ऐकायला मला पहिल्यापासूनच आवडतं.

रेल्वेनं बडनेरा, तिथून एसटी. दोन्ही बाजूंना कपाशी पिवळ्या फुलांवर आली होती. स्टँडसमोर तर्री पोहे खाल्ले, वर मूठभर सांबार (म्हणजे आपली कोथिंबीर). डोळ्यांतून पाणी आलं, पण प्लेट सोडवेना.

पहिली भिंत मेकॅनिकांच्या गल्लीतली. तिच्यावर पानंफुलं नव्हती, चक्क उघडलेलं इंजिन होतं. खाली एक म्हातारे मिस्त्री कमरेवर हात ठेवून ओरडत होते, "सलीम, थो नट उलटा हाय! आपल्या पोराईले काय शिकवून राह्यला तू?" शिडीवरचे सलीमभाई निमूटपणे नट सुलटा करत होते. पांढरकवड्याचे हे गृहस्थ जन्मभर ट्रकवर मोर आणि कमळं काढत आले, आता भिंतींवर आले आहेत. मी कौतुकानं जवळ गेले आणि पदर ओल्या रंगाला पुसून आले. "ताई, आता तुमी बी भिंतीत आल्या," असं म्हणून ते मनमोकळे हसले. रॉकेलच्या बोळ्यानं पदर पुसेपर्यंत आमची ओळख पक्की झाली.

पुढची भिंत नाल्याकाठची. तिथल्या बायकांनी प्रत्येकीच्या दारातली रांगोळी भिंतीवर काढली होती आणि कुणाची सरस यावरून अजून धुसफूस चालू होती. सगळ्याच सारख्या चांगल्या आहेत, असं मी म्हटलं. कुणालाच पटलं नाही.

दुपारी सलीमभाईंचा चेहरा जरा उतरला. उद्या पोळा, आणि गावाला लागूनच असलेल्या लोहाऱ्यातली भिंत अजून अडलेली. "याडी हो म्हनतच नाही," ते म्हणाले. (याडी म्हणजे बंजारा बोलीत आई.) त्यांच्या स्कूटरवर मागं बसून मीही निघाले.

याडी म्हणजे काशीबाई राठोड. त्यांच्या घराण्यात पूर्वी बैलांच्या पाठीवर मालाची ने-आण चालायची, पुढं शेती आली. गुडघे गेले तशा त्या मुलाजवळ लोहाऱ्यात राहायला आल्या. शेवटची बैलजोडी, राजा आणि चांद्या, म्हातारी होऊन गावीच दगावली. फोटो एकही नाही. घराची भिंत रंगवायला दिली ती एका अटीवर, माझी जोडी तेवढी काढून दे. भिंतीवर पांढरेशुभ्र, देखणे बैल समोरासमोर उभे होते. मला तर फारच आवडले.

"चांगले हायेत," काशीबाई म्हणाल्या, "पन माहे नाहीत."

"काय चुकलं, याडी? सांग ना. मी पुन्हा काढतो."

थोड्या वेळानं चूक माझ्या लक्षात आली. ट्रकच्या दोन बाजूंना दोन मोर काढताना एकच कागदी खाका उलटा करून लावतात. सलीमभाईंनी सवयीनं बैलांचंही तेच केलं होतं. जोडी नव्हती ती, एकच बैल आरशात बघत होता. सलीमभाईंनी कपाळावर हात मारला. "पन मंग फरक काय होता, थो तर सांग!"

काशीबाई हळूच म्हणाल्या, "मलेच आता चांद्याचं तोंड आठवत नाही रे." सलीमभाई ब्रश खाली ठेवून पायरीवर बसले.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी इकडे खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळतात आणि त्याला सणाच्या जेवणाचं आवतण देतात. शेजारची गुरं घरी येऊ लागली तशा काशीबाई आत गेल्या आणि वाटीत हळद-तूप घेऊन आल्या. भिंतीपाशी जाऊन त्यांनी राजाच्या खांद्याला हात लावला. मग चांद्याकडे वळल्या. न बघता, सवयीनं हात पुढं केला, आणि तो खांद्याच्या बराच खाली, नुसत्या चुन्यावर पडला. पिवळा डाग उठला. काशीबाई थबकल्या.

"मान खाली करे तो! मी वाटी घेऊन आली का आपनच खाली वाके. ठेंगनी ना मी!"

सलीमभाई ताडकन उठले. दिवे लागेपर्यंत त्यांनी चांद्याची मान त्या डागापर्यंत खाली आणली. रंग वाळायची वाट न बघता काशीबाईंनी पुन्हा हळद लावली आणि दोघांना म्हणाल्या, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मग माझ्याकडे वळल्या, "तू बी ये वो."

माझं सकाळचं तिकीट होतं. ते गेलं. दुसऱ्या दिवशी त्या भिंतीला पुरणपोळीचा नैवेद्य दाखवून झाल्यावर आम्ही तिच्याच सावलीत जेवलो. सलीमभाईंनी तूप दोनदा मागून घेतलं. इतकं सुखाचं जेवण मी बऱ्याच दिवसांत जेवले नव्हते.

साताऱ्याला आले तरी पदरावरचा रंग गेला नव्हता. रात्री सगळे फोटो बघायला जमले. इंजिनावर चर्चा झाली, रांगोळ्यांवर वाद झाला. लोहाऱ्याच्या फोटोपाशी मात्र यजमान थांबले.

"बैल छान आहेत गं. पण हा एकटाच मान खाली घालून का उभा आहे?"

म्हटलं, "त्याची बाई समोर आली आहे. ठेंगणी आहे, म्हणून फोटोत दिसत नाही."