पट्ट्या जाळणारा केमिस्ट

बोरसे गेल्याचं शेजाऱ्यांकडे आलेल्या फोनवरून कळलं. रडू आलं, पण नंतर जो संताप आला तो अजून उतरलेला नाही... लिंबायत वस्तीतल्या आमच्या खानदेशी मंडळाने शोकसभा ठेवली आणि अध्यक्ष म्हणून बोलावलं कुणाला? तर आमच्या जुन्या कारखान्याच्या मॅनेजरसाहेबांना. मंडळाला देणगी देतात ना! साहेबांनी फोटोला हार घातला, कोरडे डोळे टिपले आणि गुजरातीत म्हणाले, "बोरसेभाई तो हीरा हता, हीरा." मग खमण आलं. ज्याने बोरसेच्या पोटावर पाय दिला, तो त्याच्याच फोटोसमोर बोटं चाटत होता. माझी बशी मी तशीच खुर्चीखाली सरकवली.

नव्वदीच्या सुरुवातीला बोरसे आणि मी त्या औषधांच्या कारखान्यात एकाच टेबलावर माल तपासायचो. पांढरा लेप दिलेल्या काचेच्या पट्टीवर मालाचा थेंब टेकवायचा आणि पट्टी द्रावणात उभी करायची. द्रावण वर चढतं तसे मालातले घटक वेगळे होतात, पण दिसत नाहीत. आम्लाचा फवारा मारून पट्टी तापवली की त्यांचे डाग उमटतात. सगळी मेख तापवण्यात. कमी तापली तर औषधाचा मोठा डाग तेवढा दिसतो, अशुद्धीचा लपून राहतो. जास्त तापली तर अख्खी पट्टीच काळी पडते, मग शोधत बसा. बोरसे पट्टीवरून नजर काढायचा नाही. "वहिनींना सांगते हं, तुमची सवत इथे शेगडीवर बसलीय," असं मी चिडवायचे. तो हसायचा, पण मान वर करायचा नाही.

एकदा लहान मुलांच्या औषधात जाणाऱ्या मालात दुसरा डाग उमटला. साहेब स्वतः खाली आले. "बोरसेभाई, आटलुं बधुं शुं काम तपावो छो? एक टपकुं देखाय एटले उतारी लो ने!" इतकं तापवायचं कशाला, एक डाग दिसला की पट्टी उतरवा, एवढंच त्यांचं रसायनशास्त्र. बोरसे घाबरला की अहिराणीवर यायचा. "डाग शे साहेब, त दिसीच," एवढंच तो म्हणाला. साहेबांनी दुसऱ्याकडून पट्टी अर्धवट तापवून घेतली, माल पास झाला, ट्रक गेला. महिनाअखेरीला बोरसेला काढलं. कारण काय दिलं? तर हा पट्ट्या जाळतो, याच्या तपासणीवर भरवसा नाही. मी भांडले, राजीनामा दिला, कॉलेजात शिकवायला लागले. माझं निभावलं. त्याचं मात्र नाव सचिनच्या औद्योगिक वसाहतीपासून हजीऱ्याच्या कारखान्यांपर्यंत असं पसरलं की कुठल्याच प्रयोगशाळेने त्याला दारात उभं केलं नाही. शेवटपर्यंत तो एका डाइंग मिलमध्ये रंगाची पिंपं ढकलत राहिला. आणि हा म्हणे हिरा! थू.

सभा संपल्यावर वहिनींनी मला बाजूला बोलावलं आणि पदराखालून एक पुडकं काढलं. "ताई, हाई तुम्हीच ठेवा. मन्हा घरमा कोनले समजस?" घरी येऊन सोडलं. आत लहान मुलांच्या औषधाच्या त्या मालाची, बोरसेने स्वतः तापवलेली पट्टी होती. लेप खरवडला जाऊ नये म्हणून त्याने वर दुसरी काच ठेवून कडा चिकटपट्टीने बंद केल्या होत्या. आता ती कॉलेजात माझ्या कपाटात असते, आणि डाग दाखवायचा धडा आला की मी ती वर्गात फिरवते. मुलं उजेडाकडे धरून बघतात. एक मोठा डाग, त्याखाली एक बारका. बाकी पट्टी पांढरी, कुठेही जळलेली नाही.