तापलेल्या टायरचा काटा

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. आईला नाही, वडिलांना तर नाहीच. अकरा वर्षं झाली. मध्ये एकदा जिभेवर आलं होतं, अर्धं वाक्य बोलूनही झालं होतं, पण समोरच्याचा फोन वाजला आणि मी सुटलो. आज तुम्ही आहात आणि मी आहे — म्हणून बसलोय. मध्येच थांबलो तर थांबू द्या.

आधी माझं काम सांगतो. दक्षिणेतल्या एका रेसिंग टीममध्ये मी टायर बघतो. फॉर्म्युला गाड्या — एका माणसाच्या, उघड्या चाकांच्या, जमिनीला चिकटून पळणाऱ्या. शर्यत ड्रायव्हर जिंकतो असं लोक म्हणतात, आणि जिंकतो तोच. पण कुठला टायर कधी चढवायचा, त्यात हवा किती ठेवायची, तो किती तापू द्यायचा, हे ज्याच्या हातात असतं तो माणूस त्याच ड्रायव्हरला हुशार करू शकतो किंवा मठ्ठ. ड्रायव्हरला पत्ताही लागत नाही. त्याला फक्त एवढंच कळतं की आज आपल्याला जमत नाहीये.

तुम्हाला वाटेल मी कामाची बढाई मारतोय. नाही हो. बढाई मारायला हे सांगायची काय गरज होती?

मी मोहोळचा. हायवेला वडिलांचं पंक्चरचं दुकान, अजूनही आहे. शाळा सुटली की दप्तर टाकून मी ट्यूब पाण्यात बुडवायला बसायचो. वडिलांनी मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा शिकवली. पुण्याकडून ट्रक येऊन भर उन्हात थांबला की ड्रायव्हर घाई करायचा, हवा बघा, हवा बघा. वडील त्याला चहाला पाठवायचे आणि मला म्हणायचे, "तापलेल्या टायरचा काटा बघू नगंस. त्यो खोटं बोलतुय." टायर तापला की आतली हवा फुगते, काटा पुढे जातो. थंड झाला की खरा आकडा दिसतो. एवढंच. पण मोहोळचं ऊन असं, की सावलीतला टायर आणि उन्हातला टायर यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

सोलापूरला इंजिनिअरिंगला गेलो तेव्हा कॉलेजात मुलांनी मिळून फॉर्म्युला गाडी बनवायची, अशी एक टीम होती. दरवर्षी गाडी बनवायची आणि देशभरातल्या कॉलेजांच्या स्पर्धेत न्यायची. मला टायर मिळाले. कुणी दिले नाहीत, मी हात लावला आणि बाकीच्यांनी हात काढून घेतले. ड्रायव्हर होता ओंकार. शहरातल्या एका डॉक्टरांचा मुलगा, शाळेत असल्यापासून सुट्टीत पुण्याला जाऊन कार्टिंग केलेला. आणि खरं सांगतो — चांगला होता. इतका चांगला की बघताना राग यायचा. गाडी वळणात सुटायला लागली की बाकीचे घाबरून ब्रेक मारायचे, हा नुसता बोटं हलवल्यासारखं करायचा आणि गाडी पुन्हा लायनीत.

शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीलाच आमचा हवा भरायचा कॉम्प्रेसर बिघडला. वडिलांनी दुकानातला जुना, पण चालू, टेम्पोत घालून स्वतः आणून दिला. आम्ही गाडी बनवायचो त्या शेडच्या दारात उतरवत होते, तेवढ्यात ओंकार त्याच्या बुलेटवर आला.

"काका, आलाच आहात तर मागच्या चाकात जरा हवा मारा की."

तो गाडीवरून उतरला नाही. एवढंच. यात काय मोठं, असं तुम्हाला वाटेल. पण मी बघत होतो ना! वडील उकिडवे बसले. चाकाचा व्हॉल्व्ह खाली गेला होता, म्हणून ते वर बघत थांबले, हा गाडी पुढे घेईल म्हणून. ओंकार फोनवर बोलत होता. मग त्याने न बघताच पायाने गाडी ढकलली, चाक वडिलांच्या बोटांना घासून गेलं, त्यांनी हात मागे घेतला आणि हसले. हवा भरून झाल्यावर तो म्हणाला, "थँक्यू हं, पंक्चरकाका." शेडमधले सगळे हसले. वडीलही हसले. परत जाताना मला म्हणतात कसे, "पोरगं ग्वाड हाय की. गाडी लई सांबाळलीया."

त्यांना अपमान कळला नाही, की त्यांनी तो गिळला? मी आजवर विचारलेलं नाही. मला मात्र त्यांचाही राग आला होता. आणि त्या दिवसापासून कॉलेजात माझं नाव 'पंक्चर' पडलं. कँटीनमध्ये पंक्चर, वर्गात पंक्चर, एकदा तर सरांच्याही तोंडून गेलं. ओंकारने ते वाईट मनाने ठेवलं नव्हतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. त्याच्या मनात काही नव्हतंच. मी त्याच्या मनात येण्याइतका मोठाच नव्हतो.

मी डूख धरला. भांडलो नाही, तोंड वाकडं केलं नाही, उलट त्याच्याशी जास्त गोड वागायला लागलो. त्याचं हेल्मेट पुसून ठेवायचो. सापडेल की कधीतरी, म्हणायचो. दहा महिने थांबलो.

सापडला मे महिन्यात. त्या वर्षी स्पर्धा बघायला एका रेसिंग टीमचे मॅनेजर येणार होते आणि त्यांना नवा ड्रायव्हर हवा होता. ओंकारला दुसरं काही नकोच होतं. घरी बापाशी भांडून, मेडिकल सोडून तो इंजिनिअरिंगला आला होता तो या गाडीसाठी. हे शेवटचं वर्ष होतं. पण सरांनी नियम काढला — ड्रायव्हर ठरलेला असला तरी निवड चाचणी होणार, तिघांची, एकाच गाडीवर, प्रत्येकाला सारख्याच वापरलेल्या टायरचा एक-एक संच. संच मी तयार करायचे, हवा मी भरायची, आकडे मी कागदावर लिहायचे. ड्रायव्हरने हवा मोजायच्या गेजला हात लावायचा नाही, ही आमच्यात पहिल्यापासून रीत. का? तर ड्रायव्हर आपल्या सोयीने हवा कमी-जास्त करतात आणि मग कुणाचं काय चुकलं ते कळत नाही. ही रीत मीच घातली होती, आणि चांगल्या मनाने घातली होती.

सांगतो आता. थांबलोय ते पाणी प्यायला, दुसरं काही नाही.

ओंकारच्या संचातली उजवीकडची दोन चाकं मी सकाळपासून शेडच्या आत, फरशीवर ठेवली. डावीकडची दोन बाहेर पत्र्यावर, उन्हात. अकरा वाजता चारही चाकांत मोजून सारखी हवा भरली. बारा पौंड, बारा, बारा, बारा. कागदावर तेच लिहिलं. सरांनी बघून सही केली. आकड्यात एक कण खोटा नव्हता. पण चाकं फिरायला लागून दोन्हीकडचा ताप सारखा झाला, की उजवीकडची हवा वाढणार आणि डावीकडची उतरणार — हे त्या मैदानावर मला एकट्याला माहीत होतं. वडिलांनी शिकवलं होतं ना.

गाडी डाव्या वळणाला एक वागायला लागली, उजव्या वळणाला दुसरी. पहिली फेरी करून ओंकार आत आला, हेल्मेट काढलं. घामाने डोळे चुरचुरत होते त्याचे. म्हणाला, "गाडी ऐकतच नाही बे. टायर बघ की एकदा."

त्याला कळलं होतं, बघा. ज्याचा हात खरा असतो त्याला कळतं.

मी गेज घेतला. एकेका चाकाशी बसलो, पाठ त्याच्याकडे करून. उजवीकडे काटा तेराच्या पुढे होता, डावीकडे बाराच्या खाली. मी मोठ्याने चारदा 'बारा' म्हटलं. सकाळी निदान आकडे तरी खरे लिहिले होते, आता सरळ खोटं बोललो. आणि उठून, हात पुसत, त्याच्या डोळ्यांत बघून म्हणालो, "टायर सगळे सारखे आहेत. डावीकडं तुझा हातच कचरतोय."

हे वाक्य मी ठरवून आणलं नव्हतं. ते आतून आलं, आणि येताना फार बरं वाटलं. बरं म्हणजे काय — उन्हाळ्यात माठातलं पाणी पोटात उतरावं तसं. त्याचा चेहरा उतरला. मी बघत राहिलो. गाडीवरून उतर, असं मला त्या दिवशी शेडच्या दारात म्हणायचं होतं. तर आता तो उतरला होता.

पुढच्या दोन्ही फेऱ्यांत त्याने डाव्या वळणांवर खुणेला ठेवलेले शंकू पाडले. आपला हात कचरतोय हे डोक्यात बसल्यावर तो खरंच कचरायला लागला, टायरची गरजच उरली नाही. निवड दुसऱ्याची झाली. तो बरा होता, सावकाश होता, स्पर्धेत मॅनेजरांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांनी ड्रायव्हर दुसऱ्या कॉलेजचा घेतला. आमच्याकडून त्यांनी कुणाला उचललं, माहिती आहे? मला. माझी टायरच्या आकड्यांची फाईल त्यांना आवडली. इतकं नीटनेटकं काम पोरं करत नाहीत, म्हणाले. त्या फाईलमध्ये तोही कागद होता.

ओंकारने गाडी सोडली. नुसती रेसची नाही. आज तो वळसंगजवळच्या एका सूतगिरणीत मेंटेनन्सला आहे, लग्न झालं, एक मुलगी आहे. अक्कलकोटला दर्शनाला निघाले की गाडी बायको चालवते, हा शेजारी बसतो. 'माझा हात नाही,' म्हणतो. आणि माझ्याशी त्याचं काय झालं असेल? दोस्ती. निवडीनंतर महिन्याभराने तो माझ्या खोलीवर आला, पंक्चर म्हणायचं बंद केलं, नावाने हाक मारली. बाकी सगळे खोटं खोटं समजूत घालत होते, तू एकटा तोंडावर खरं बोललास, असं म्हणाला. माझ्या लग्नात त्याने हेच मांडवात चारचौघांत सांगितलं. वडील शेजारीच उभे होते. त्यांना इतकं बरं वाटलं की त्यांनी त्याला जवळ घेतलं.

तेव्हा सांगायला हवं होतं? हो. तेव्हा नाही तर नंतर? शंभर वेळा संधी होती. ज्याचा मी केसाने गळा कापला, तो माणूस दर दिवाळीला शेंगाचटणीचा डबा पाठवतो, आणि मी तो चवीने खातो.

गेल्या मार्चमध्ये, मोसम संपल्यावर, आमच्या टीमने जुनी गाडी एक दिवस घरच्या लोकांसाठी ट्रॅकवर काढली. ज्याला त्याला आपापलं माणूस बोलवायची मुभा होती. मी ओंकारला बोलावलं. का बोलावलं, हे मी स्वतःला बऱ्याचदा विचारलंय. फेडायला, असं म्हटलं तर ऐकायला बरं वाटेल. पण मला बघायचं होतं. अकरा वर्षांपूर्वी मी नक्की काय मोडलं होतं, ते.

तो रेल्वेने आला. आधी नको नको म्हणाला, मग रेसच्या गाडीत बसला. चारही टायर मी सावलीत ठेवले होते, हवा दोनदा तपासली होती, माझ्या आयुष्यात इतके चोख टायर मी कुणाला दिले नसतील. पाहुण्यांच्या फेऱ्या मशीनवर नोंदवत नाहीत, घड्याळ माझ्या हातात होतं. पहिल्या चार फेऱ्या तो चाचपडला. पाचवीला मोकळा झाला. डाव्या लांब वळणात गाडीचं मागचं अंग सुटलं आणि त्याने नुसती बोटं हलवल्यासारखं केलं. सातव्या फेरीला मी घड्याळ थांबवलं. आमच्या पगारी ड्रायव्हरपेक्षा तो सव्वा सेकंदच मागे होता. सूतगिरणीतून आलेला, पोट सुटलेला, शेजारच्या सीटवर बसणारा माणूस.

तो आत आला. हेल्मेट काढलं, उतरायच्याही आधी म्हणाला, "किती लागले?"

मी घड्याळाकडे पाहिलं. त्यात अकरा सेकंद मिळवले आणि तो आकडा त्याला सांगितला.

घाबरून बोललो, असं म्हणू शकतो. खरा आकडा दिला असता तर त्याने मागचं सगळं विचारलं असतं. पण भीती नंतर आली. आधी जे आलं ते मी ओळखतो — तेच, माठातलं पाणी. सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

ओंकारने स्टिअरिंगवरून एकदा हात फिरवला. मग हसला. "म्हणजे तू तेव्हा बरोबरच होतास बे," म्हणाला. "माझ्या जिवाला उगाच आत कुठंतरी लागून राहिलं होतं. आज सुटलो."

मी हो म्हणालो, घड्याळ शून्यावर आणलं आणि त्याला गाडीतून उतरायला हात दिला.