पुढच्या वेळची वही

आमच्या चर्चमध्ये प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांचे डोळे मिटलेले असत, फक्त मेट्रन मावशींचे उघडे असत. हे मला कळलं, कारण एकदा माझेही उघडले. पाळकसाहेब आजाऱ्यांसाठी प्रार्थना करत होते. मी सहज पापणी किलकिली केली, तर तिसऱ्या बाकावरून मावशी मान वळवून मागच्या रांगा मोजत होत्या. नजरानजर झाली. एकाच घरात दोन चोर भेटावेत तसं झालं. बाहेर आल्यावर मी म्हणालो, "मावशी, प्रार्थनेत डोळे उघडे?" त्या जराही ओशाळल्या नाहीत. "देवाले आलेले दिसतातच," त्या म्हणाल्या, "न आलेले कोणीतरी पाहाले पाहिजे ना?"

मावशी मूळच्या वर्ध्याकडच्या. नर्स म्हणून रायपूरला रेल्वेच्या दवाखान्यात आल्या, मेट्रन म्हणून निवृत्त झाल्या. नोकरी सुटली, हुद्दा सुटला नाही. हात मिळवताना त्यांचा अंगठा आपोआप आपल्या मनगटावर सरके आणि "सलाम"च्या पाठोपाठ "गोळी घेतली का सकाळची?" हा प्रश्न येई. खोटं बोलायची सोय नव्हती, नाडी त्यांच्या हातात असायची. मी मंडळीचा सेक्रेटरी, रायपूरजवळच्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात हिशेबनीस, वय पन्नास. तरी मावशींसमोर मी नखं मुठीत लपवायचो.

मग ती साथ आली आणि चर्चला कुलूप लागलं. पाळकसाहेबांनी फोनवर उपासना सुरू केली. पहिल्या रविवारी ते पूर्ण अर्धा तास आडवे दिसले. दुसऱ्या रविवारी सरळ दिसले, पण आवाज नव्हता; तो उपदेश फार गाजला. डेव्हिडभाऊ, म्हणजे आमच्या कमिटीतले सर्वांत ज्येष्ठ सभासद, पंडरी बाजारात कापडाचं दुकान असलेले, 'हे आमच्या पित्या' ही प्रार्थना चालू असताना कोणालातरी ओरडले, "कांद्यात मीठ टाकू नको अजून!" आणि ते अख्ख्या मंडळीनं ऐकलं. मावशी मुलाच्या घरी एका चौकोनात ताठ बसलेल्या असत. उपासना संपली की त्यांचा मला फोन. "सेक्रेटरी, ज्याच्याकडे असा फोन नाही, तो कुठं आहे?" मी म्हणे, "घरीच असेल मावशी. जाणार कुठं?"

सालोमीबाई घरी नव्हत्या. गुढियारी वस्तीत एका खोलीत एकट्या राहणाऱ्या, चार घरची भांडी घासून पोट भरणाऱ्या सालोमीबाईंकडे जुना बटणांचा फोन होता, आणि तो नंबर आमच्यापैकी कोणाकडेच नव्हता. कुलूप निघाल्यावर पहिल्या रविवारी त्या आल्या, निम्म्या झालेल्या. मावशींनी मनगट धरून विचारलं, तेव्हा सगळं बाहेर आलं. उपासना बंद आहे हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. "दुकानं बंद, गाड्या बंद, तेवढं समजलं बापा," त्या म्हणाल्या. "पण चर्चही बंद होते हे मले कोण सांगणार? तीन रविवार पायी आली. गेटवर कुलूप. मी बाहेरच उभी राहून एक गीत म्हणलं अन् वापस गेली. तिसऱ्या रविवारी पोलीसवाल्यानं डंडा दाखवला. मी त्याले म्हणलं, 'बेटा, दुसरं कडवं बाकी है.' त्यानं थांबू दिलं." नंतर ताप आला. शेजारणीनं पेज पाजली. त्यातून त्या उठल्या. "मले वाटलं, तुम्ही सगळे दुसरीकडे कुठं भेटून राहिले, अन् मले बोलावलं नाही." आम्ही सगळे आपापल्या चपला बघत राहिलो. मावशी मात्र आणखी कोणाचं मनगट न धरता थेट घरी गेल्या. असं त्यापूर्वी कधी झालं नव्हतं.

पुढच्या कमिटीत विषय एकच होता, आभाराचं जेवण. मटण की चिकन यावर तासभर चर्चा झाली. तेवढ्यात मावशींनी टेबलावर एक जाड वही ठेवली. वर लिहिलं होतं : पुढच्या वेळी. डेव्हिडभाऊ चमकले. "पुढच्या वेळी म्हणजे? अहो, आत्ताच तर सुटलो. अशुभ काहून बोलता? देवावर भरोसा ठेवा."

"भरोसा आहे," मावशी म्हणाल्या. "देवाजवळ सालोमीचा नंबर होता. आपल्याजवळ नव्हता."

यावर मटण-चिकन दोन्ही थंड झालं. वही मंजूर झाली.

वहीतला पहिला नियम, प्रत्येक घरानं दोन घरांना फोन करायचा, फोन लागला नाही तर दारावर जायचं. प्रत्येकाच्या नावापुढे औषध, शेजाऱ्याचं नाव आणि स्कूटर कोणाकडे हे लिहिलेलं. दुसरा नियम, चर्चमधलं कुठलंही काम दोघांना आलंच पाहिजे. "एक नर्स सुट्टीवर गेली म्हणून वार्ड बंद करतात का?" पेटी वाजवणाऱ्याला शिष्य मिळाला, किल्ल्यांना दुसरा जुडगा मिळाला, आणि पाळकसाहेब आजारी पडले तर उपदेश कोण करणार, या प्रश्नाला मावशींनी माझ्याकडे बोट दाखवून उत्तर दिलं. मी घामाघूम होऊन सात मिनिटांत उरकलं. मंडळी इतकी खूश झाली की तीन जणांनी पाळकसाहेबांना, "साहेब, थोडा आराम करत जा," असा सल्ला दिला. तिसरा नियम खिडक्यांचा. वर्षानुवर्षं रंग देऊन देऊन आमच्या खिडक्या भिंतीला चिकटल्या होत्या. मावशींनी सुतार लावून सगळ्या उघडल्या. हवा आली, उजेड आला आणि हवेबरोबर दोन कबुतरंही आली. ती नेमकी उपदेशाच्या मध्यावर डेव्हिडभाऊंच्या डोक्यावरच्या पंख्याजवळ बसत. डेव्हिडभाऊंनी जागा बदलली, कबुतरांनीही बदलली.

पण वहीचा खरा कस लागला तो रंगीत तालमीत. एका शनिवारी दुपारी मावशींनी मला फोन केला, "समज, उद्या चर्च बंद आहे. निरोप पुढे दे. किती वेळात सगळीकडे पोचते ते पाहू." मी दोन घरांना सांगितलं, "मावशी म्हणतात, उद्या बंद." त्यांनी पुढे सांगितलं. वाटेत कोणीतरी "म्हणतात" गाळलं. कोणाच्या पोरानं हिंदीत सांगितलं, "मावशी का बंद हो गया." पुढच्यानं विचारलं, काय बंद झालं? त्याच्या पुढच्यानं विचारलंच नाही. तासाभरात मावशींच्या दारात तीस माणसं, दोन पुष्पचक्रं आणि रडून डोळे सुजलेले पाळकसाहेब हजर. दार उघडलं मावशींनीच, हाताला कणीक. पाळकसाहेब खाली पायरीवरच बसले. मावशींनी सगळ्यांकडे एक नजर टाकली, घड्याळाकडे एक टाकली.

"एका तासात तीस. बरं आहे," त्या म्हणाल्या. "फुलं बादलीत ठेवा. उद्या चर्चमध्ये कामी येतील."

त्याच संध्याकाळी वहीत चौथा नियम चढला : निरोप ऐकणाऱ्यानं तो परत म्हणून दाखवायचा. "डॉक्टर फोनवर औषध सांगत, तर आम्ही असंच करत होतो. नाही तं एखादा पेशंट फुकट जाये."

डेव्हिडभाऊ या सगळ्याला 'मेट्रनबाईची कवायत' म्हणत. दोन पावसाळे त्यांना हसायला मिळाले. तिसऱ्या पावसाळ्यात शनिवारी दुपारी मागचा नाला फुगला आणि चर्चमध्ये गुडघाभर पाणी शिरलं. पाळकसाहेब बिलासपूरला लग्न लावायला गेलेले, रस्ता बंद. मावशींचे गुडघे तेव्हा जवळजवळ गेले होते, त्या खाटेवरून उठू शकत नव्हत्या. मी घाबरून त्यांना फोन लावला. त्या म्हणाल्या, "मले कायले विचारतो? वही उघड." मी उघडली. दोन फोन केले, दोन्हीकडून निरोप परत म्हणवून घेतला. संध्याकाळपर्यंत सगळ्या घरी कळलं होतं, पाण्यात अडकलेली दोन म्हातारी माणसं स्कूटरवरून हलवली होती, आणि रविवारी सकाळी उपासना पाच घरांत वाटून झाली. त्यातलं एक घर सालोमीबाईंचं. वहीप्रमाणे तिथं जायची पाळी डेव्हिडभाऊंची होती.

खोली दहा बाय दहाची, पाहुणे नऊ. डेव्हिडभाऊ उलट्या बादलीवर बसले. कप चारच, त्यामुळे चहा दोन पाळ्यांत झाला. सालोमीबाईंच्या घरी मंडळीतलं कोणी त्याआधी कधी गेलंच नव्हतं. त्यांनी पाहुण्यांसाठी सकाळी लवकर उठून भिंतीला चुना मारला होता. नऊही जण पांढऱ्या पाठी घेऊन घरी परतले. पुढच्या कमिटीत डेव्हिडभाऊ उभे राहिले. आम्हाला वाटलं, आता चुना लागलेल्या कोटाची तक्रार. ते म्हणाले, "वहीत माझं नाव तिथंच राहू द्या. चहा चांगला असते तिथला." आणि पटकन खाली बसले.

मावशींच्या मुलाची बदली नागपूरला झाली, तेव्हा मावशींनाही जावं लागलं. निरोपाच्या रविवारी शाल झाली, भाषणं झाली, त्यांच्या दूरदृष्टीचं कौतुक झालं. मावशी काठी टेकून उभ्या राहिल्या. वाटलं, आता कोणालातरी बोलणी बसणार.

"दूरदृष्टी गिष्टी काही नाही," त्या म्हणाल्या. "चर्च बंद झालं त्याच्या दुसऱ्याच हप्त्यात मले सालोमीची आठवण आली होती. मी म्हणलं, उद्या पाहू. दुसऱ्या दिवशीही म्हणलं, उद्या पाहू. जिंदगीभर वार्डात उभी राहिली, पण तेव्हा मले घराबाहेर पडाले भेव वाटत होतं. तुम्हाले सांगितलं नाही कधी." त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "माणूस वाईट नसते. त्याच्याकडून राहून जाते. म्हणून मी वहीत लिहिलं, माझ्या भरोशावर नाही ठेवलं."

मग मागच्या बाकावरून सालोमीबाई उठल्या, सरळ पुढे आल्या आणि मावशींचा दंड धरला.

"बसा बापा खाली. गुडघे दुखतील," त्या म्हणाल्या. "अन् तिकडचा नंबर द्या मले. नागपुरात तुमाले कोण ओळखते?"

मावशींनी नंबर सांगितला. सालोमीबाईंना लिहिता येत नाही, तो मी त्यांच्या फोनमध्ये घालून दिला. आता दर रविवारी उपासना संपली की सालोमीबाई चर्चच्या पायरीवर बसून नागपूरला फोन लावतात. जेवण काय केलं, सून कशी वागते, गुडघ्याला कोणतं तेल लावलं, सगळी उलटतपासणी होते. आणि त्या इतक्या मोठ्यानं बोलतात की पाळकसाहेब आतून दार लोटून घेतात.