काकांचा विसरभोळा स्टिरिओ

"तार हवेत संपत नाही. कुठेतरी जातेच." डॅशबोर्डखाली डोकं घालून काका हे म्हणायचे. पाय गाडीच्या दाराबाहेर, चष्मा माझ्या हातात. तुमच्याही सोसायटीत असा एखादा असेल, ज्याचा अर्धाच भाग शेजाऱ्यांना दिसतो.

पनवेलच्या आमच्या बिल्डिंगमध्ये ते माझ्या समोरच्या घरात राहायचे. जन्मभर उरणला बंदराच्या ऑफिसात कारकुनी केलेली, विजेशी संबंध बल्ब बदलण्यापुरता. पण गाडीत बसवलेल्या नव्या स्टिरिओचा त्यांनी असा पिच्छा पुरवला की मी टॉर्च धरून धरून वैतागलो.

त्याला कारण होतं. काकूंना उपचारांसाठी खारघरच्या हॉस्पिटलात न्यावं लागायचं. कळंबोली आली की भीतीने त्यांचे हात गार पडायचे. म्हणून मुलीने पेनड्राइव्हवर एका कादंबरीचं वाचन भरून दिलं आणि काकांनी स्टिरिओ बसवून घेतला. काकू डोळे मिटून ऐकत राहायच्या. पण पुढच्या खेपेला स्टिरिओ सगळं विसरलेला असायचा. कादंबरी पुन्हा पहिल्यापासून. पुढे ढकलायला जावं तर भलतंच प्रकरण लागायचं.

"आजही ती बाई विहिरीवरच!" काकू परत आल्या की सांगायच्या. "मला शेवट ऐकायचाय रे. जमेल तेवढ्या लवकर." हे त्या हसून म्हणायच्या. काका हसायचे नाहीत.

स्टिरिओ बसवून देणाऱ्या पळस्प्याच्या फिटरने किल्ली बंद करून पुन्हा फिरवली. कादंबरी जिथल्या तिथे सुरू झाली. "काका, मशीन एक नंबर हाय. तुमीच घरी काय तरी करता," तो म्हणाला. काकांना ते फार लागलं.

रविवारी नाश्ता झाल्यावर आम्ही खाली उतरलो. "ही पिवळी तार. हिला करंट कायम हवा, तरच ह्याला आठवण राहते," असं म्हणत काका बोटाने तार चाचपत गेले. ती चिकटपट्टीच्या गुंडाळ्यात गडप झाली होती. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

"काका, सोडा ना. दुसरा घ्या."

"आणि तोही विसरला तर? टॉर्च सरळ धर."

दुपारी वरून हाक आली, "अहो, आमटी गार होतेय!" काका सवयीने उठले. डॅशबोर्डवर त्यांचा छोटा गणपती होता, त्याच्यापुढे इवलासा दिवा आणि दिव्याला स्वतंत्र बटण. सकाळी आधी दिवा लावायचा, मग गाडी चालू करायची. घरी आलं की आधी किल्ली काढायची, मग हात जोडून "बाप्पा, विश्रांती घ्या" म्हणत दिवा मालवायचा, हा त्यांचा नेम. त्या दिवशी घाईत किल्ली फिरवायची राहिली आणि स्टिरिओ चालूच होता. काकांनी दिवा मालवला. स्टिरिओही मेला.

त्यांनी दिवा पुन्हा लावून पाहिला, पुन्हा मालवला.

"बाप्पा, तुम्ही?"

फिटरने ती पिवळी तार सोयीची म्हणून बाप्पांच्या दिव्याला जोडली होती. त्याच्या दुकानात दिवा लागलेलाच असायचा; घरी मात्र काका रोज भक्तिभावाने स्टिरिओची स्मृती पुसत होते! ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग आमटी तशीच टाकून आम्ही पळस्प्याला गेलो आणि तार थेट बॅटरीवरून घेतली. "बोल्लो होतो ना," म्हणून फिटरने मिरवून घेतलं. काका निमूट "हो" म्हणाले.

पुढच्या खेपांना त्या बाईने विहीर सोडली. एकदा दुपारी गाडी परत आली, पण दोघं उतरेनात. काचा बंद, काकूंचे डोळे मिटलेले. मी घाबरून खाली धावलो, तेव्हा काकांनी मला हातानेच थांबवलं. मी तिथेच खांबाला टेकून उभा राहिलो.

बऱ्याच वेळाने दार उघडलं.

"संपली," काकू म्हणाल्या. "शेवट काही एवढा खास नाही हो."

काका पुढून वळून आले, त्यांना हात देत म्हणाले, "मग दुसरी आणू. ह्याच्यापेक्षा मोठी. चांगली लांबलचक बघून आणतो."

काकू त्यांचा हात धरून उतरल्या. काका त्याच पावली माझ्याकडून जास्त जागेचा पेनड्राइव्ह मागून घेऊन गेले.