धर्मशाळेच्या पायरीवरची नवरी

ती घटना आजही माझ्या मनात आहे ती एका बाईच्या अंगठ्यामुळं. मोठ्या दुष्काळानंतरच्या सालातली गोष्ट. मी चौथी शिकलेला, शिपाई म्हणून भरती होऊन जमादार झालेला. माझ्या लिहिण्यात चुका असतील, आठवणीत नाहीत. नावं मात्र कुणाचीच देणार नाही.

माळशिरस तालुक्यातल्या एका ठाण्यात मी ठाणे अंमलदार होतो. सकाळची हजेरी संपली होती. एक मेंढपाळ आणि त्याची बायको दाराशीच बसून राहिली. गडी खाली बघत होता. बाईच बोलली.

"सायेब, आमची लेक गावंना."

लेकीचं लग्न डोंगरावरच्या देवळाच्या धर्मशाळेत लागलं होतं. नवरदेवाकडच्यांनी सांगितलं होतं, आमचं कुलदैवत तिथलं, लग्न देवापुढंच लागलं पाहिजे. मांडव नको, वाजंत्री नको, चार माणसांत उरकू. सोयरीक करताना मुलाचं घर बघून यायची रीत असते. पण कळप चरणीला लांब गेलेला, मेंढरं टाकून बाप जाणार कसा? मध्यस्थाच्या शब्दावर पोरगी दिली. लग्नानंतर तिला माहेरी आणायला थोरला भाऊ मुराळी म्हणून गेला, तर सांगितलेल्या गावात तसल्या नावाचं घरच नव्हतं, आणि मध्यस्थही पसार झाला होता.

आमचे फौजदार साहेब म्हणाले, "पोरगी नांदायला गेलीय. घरगुती मामला. अर्ज ठेवून घ्या." मी फिर्याद लिहून घेतली. त्यावरून आमचं वाजलं. वाजू दे म्हटलं.

उठता उठता बाई बोलून गेली, "फोटूवाल्यानं फोटू बी दिलं न्हाईत."

"कसला फोटोवाला?"

तिनं हट्टानं तालुक्याचा फोटोवाला डोंगरावर बोलावला होता. साखर कारखान्यावरच्या एका बाईच्या घरी भिंतीवर तिनं लग्नाचा फोटो बघितला होता, तेव्हापासून ते मनात होतं. नवरदेवाची माणसं नको म्हणत होती. ही त्यांना म्हणाली, "लेक तुमी नेणार. मला बगायला काय तरी ऱ्हाऊ द्या की."

मी त्या फोटोवाल्याचं दुकान गाठलं.

"रोल खराब झाला," तो म्हणाला. "उजेड शिरला."

"कशानं शिरला?"

"शिरला."

काम बिघडलेला कारागीर गप्प बसत नाही, हा माझा अनुभव. तो कॅमेऱ्याला शिव्या देतो, उन्हाला देतो, गिऱ्हाइकाला देतो. हा नुसता काऊंटर पुसत होता. मी त्याला ठाण्यात आणला, बाकावर बसवला, चहा पाजला आणि माझी डायरी लिहीत बसलो. बोटसुद्धा लावलं नाही. दुपारी त्यानं आपणहून तोंड उघडलं.

"जमादार, नवऱ्याचा मामा आलता. म्हणाला, घरी गोंधळ घातल्याशिवाय आमच्यात लग्नाचे फोटो बघत न्हाईत. सगळ्या निगेटिव्ह घेऊन गेला."

"आणि तू दिल्यास."

"त्यांची रीत हाय म्हणाला. मी काय बोलणार?"

"एकसुद्धा ठेवला नाहीस?"

"एक प्रत हाय. दुकानाच्या काचेत लावायला काढलीवती. पोरगी छान आलीवती."

ती प्रत मी बघितली. सगळ्यांना बाजूला करून त्यानं नवरीला एकटीला धर्मशाळेच्या दगडी पायरीवर बसवलं होतं. हातभर चुडा, कपाळाला मुंडावळ्या, दाबून धरलेलं हसू. आणि मागच्या दारात नवरदेव, बाशिंग काढून घाम पुसत असलेला. लग्नभर बाशिंगाच्या माळांखाली झाकलेलं तोंड इथं स्वच्छ दिसत होतं. आपण फोटोत आलोय हे त्याच्या गावीही नसावं.

ऊसतोडीला कुठकुठची माणसं येतात, आणि त्यांच्या टोळ्या चालवणारे मुकादम तोंडं विसरत नाहीत. म्हणून मी फोटो घेऊन श्रीपूरच्या साखर कारखान्यावर गेलो. तिथल्या एका मुकादमानं तो लांब धरून बघितला.

"ह्यो? ह्यो गेल्या हंगामात माज्या टोळीत हुता की. पर बायको दुसरी हुती."

"ती कुठाय आता?"

"कोण इच्यारतंय, जमादार."

नवरदेव पुढच्याच एका टोळीत सापडला. डोंगर माहीत नाही, धर्मशाळा माहीत नाही, असं तो ठासून सांगत राहिला. मी फोटो पुढं ठेवला. त्यानं नवरीकडं बघितलं नाही, स्वतःकडंच बघितलं. मग खाली बसला आणि सगळं सांगितलं. अक्कलकोटच्या पुढं, राज्याच्या हद्दीपलीकडं त्यानं तिला विकली होती.

आम्ही पोचलो तेव्हा उशीर झाला होता. पोरगी तिथनं पळाली होती, माहेरची वाट धरून. अंधारात कठडा नसलेल्या विहिरीत गेली. तिकडच्या पोलिसांनी वाट बघून बेवारस म्हणून माती दिली होती. जोडवी तेवढी ठेवली होती. आईनं ती तळहातावर घेतली.

"माजीच मोडून केलीवती," एवढंच बोलली.

खटला चालला. फोटो मुद्देमालात जमा झाला, त्याला नंबर पडला. बाई प्रत्येक तारखेला चालत यायची. कारकून पाकीट उघडायला लागला की मागनं टाचा उंच करायची. मी एकदा म्हटलं, "बाई, त्याला शिक्षा होणार बघ."

"हू द्या. फोटू कवा मिळंल?"

शिक्षा झाली. मी अर्ज करून, खेटे घालून फोटो सोडवला आणि स्वतः तिच्या घरी नेऊन दिला. तिनं बघितला, आणि तिचा चेहरा उतरला.

"ह्यो मुडदा हितं कशाला?"

"फोटोवाला कापून देईल की."

"नगं. तिच्या पदराला कात्री लागंल." आणि दारातल्या त्या माणसावर तिनं अंगठा ठेवला.

गुन्हा उघडकीस आणल्याबद्दल माझ्या सेवापुस्तकात चांगला शेरा आहे. नोकरीत तसले शेरे मी अभिमानानं दाखवत आलो. हा कुणाला दाखवला नाही. आरोपी मिळाला की आम्ही कागद बांधून ठेवतो. फिर्यादीला तसं कुठं बांधून ठेवता येतंय? या केसनं मला शिकवलं ते हे.

पेन्शनीत निघाल्यावर एकदा त्या बाजूला गेलो होतो. बाई थकली होती. तिनं पेटीतनं फोटो काढला.

"बगा, कशी हसतीया."

अंगठा ठेवून ठेवून दाराची जागा पांढरी फटक पडली होती. ज्या तोंडावर आमचा सगळा तपास उभा राहिला, ते पार पुसून गेलं होतं. पायरीवर नवरी तेवढी बसली होती, एकटी.